धापतेय तोवर धापू द्या

माझे पेशंट मला ओळखत नाहीत. ही तक्रार नाही, आमच्या धंद्याची रीतच आहे. मी भूलतज्ज्ञ. राहते अंबरनाथ पश्चिमेला, आणि विठ्ठलवाडीपासून बदलापूर गावापर्यंत जेवढी म्हणून नर्सिंग होम आहेत, त्या सगळ्यांत स्कूटरवरून फिरून भूल देते. एका बाईच्या ऑपरेशनमध्ये सकाळभर मी तिचा श्वास चालवला होता, म्हणजे हातातला रबरी फुगा दाबून तिची फुप्फुसं फुगवत बसले होते. पंधरवड्यानं तीच बाई मंडईत माझ्या हातातली मेथीची जुडी खेचत म्हणाली, "ओ मावशी, मी आधी हात लावला होता!" सोडली जुडी. जिला श्वास पुरवला तिला मेथी नाकारून कसं चालेल?

मिठाईचा पुडा सर्जनच्या घरी जातो. माझ्याबद्दल लोकांना एवढंच आठवतं, की सुई टोचणारी बाई फार बडबडी होती. ते खरं आहे. मी विठ्ठलवाडीत आवाज लावला की अंबरनाथची कुत्री उठून बसतात. एक सर्जन मला ऑपरेशन चालू असताना म्हणाले, "मॅडम, हळू बोला, पेशंट जागा होईल." मी म्हटलं, "तुमचे टाके बघून झाला तर होईल, माझ्या बोलण्यानं नाही."

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचं काम झोपवण्याचं. झोप काय, दुपारी टीव्हीवरची मालिकासुद्धा आणते. खरं काम पुढे असतं. आमच्या एका औषधानं अंगातला प्रत्येक स्नायू लुळा पडतो, छाती हलायची थांबते. मग घशातून श्वासनलिकेत एक नळी सारायची, तिला मशीन जोडायचं, आणि तो माणूस परत स्वतःचा श्वास घेईपर्यंत त्याचा श्वास आपण घ्यायचा. इतक्या लोकांचा श्वास मी काढून घेतलाय आणि परत दिलाय, की यमाच्या दरबारात माझ्या नावाची वेगळी खिडकी असणार.

या अंकाचे संपादक म्हणाले, एखादी गाजलेली केस लिहा. मी न दिलेल्या भुलीची लिहिते. त्यासाठी आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, शास्त्रसुद्धा आपल्या भागातलंच आहे.

श्वास म्हणजे ऑक्सिजन आत घेणं, असं शाळेत शिकवतात. ही अर्धीच गोष्ट झाली. आपलं शरीर एमआयडीसीसारखं आहे, भट्टी अष्टौप्रहर पेटलेली. भाकरी घाला नाहीतर उल्हासनगरचं दाल-पकवान घाला, सगळं जळतं, आणि जळलं की धूर होतो. हा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो रक्तात विरघळला की रक्त आंबटतं. फुप्फुस ही त्याची चिमणी. आता धुराशिवाय दुसरी आम्लंही अंगात तयार होतात. त्यांच्यासाठी रक्तात चक्क खायचा सोडा मिसळलेला असतो. ढोकळ्याच्या पिठात लिंबू आणि सोडा भेटले की कसं फसफसतं? तसंच. आम्ल आलं की सोडा त्याच्यावर तुटून पडतो, त्याचा गॅस होतो, आणि गॅस चिमणीतून बाहेर. किडनी म्हणजे सांडपाण्याचा प्लांट. उरलेलं आम्ल लघवीवाटे काढते, सोडा परत भरते, काम चोख, पण वेग सरकारी. तिला दिवस लागतात. चिमणीला मिनिटं पुरतात. रक्त जरा आंबटलं की मेंदूतला फोरमन ओरडतो, "फुंक! जोरात फुंक!" आणि माणूस धापायला लागतो.

उलटी गडबडही होते. म्हणजे धूर फारसा नाही आणि चिमणी मात्र पिसाळलेली. उल्हासनगरला एका सिंधी लग्नात मी पाहुणी म्हणून गेले होते. नवरदेव हितेश स्टेजवर बसून असा काही श्वास घेत होता, जणू घोडीवर तो बसला नव्हता, घोडी त्याच्यावर बसून आली होती. अंगठी घालायच्या वेळी त्याची बोटं आखडली. पाची बोटांची टोकं जुळून हात असा झाला, की त्यात मोदकच धरायचा. आत्या किंचाळली, "लकवा मार गया!" मामी म्हणाली, "नजर लगी है." वडील माझ्याकडे धावले, "साईं, डॉक्टर साहिबा, कुछ करो, लडकीवाले देख रहे हैं!"

नुसती भीती होती. घाबरून घाबरून त्यानं गरजेपेक्षा जास्त धूर फुंकून टाकला होता. रक्तातलं आम्ल कमी पडलं की ओठांना मुंग्या येतात, बोटं वळतात. मी त्याच्या कानाशी गेले, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "हितेश, ससुराल में किसका क्या नाम है, एक-एक करके बता. एक साँस में एकच नाव." बोलायला लागलं की श्वास आपोआप मंदावतो. सासरा, सासू, मेहुणे करत तो सासऱ्याच्या चुलतभावापाशी पोचला आणि अंगठा सुटला. मुलीकडचे खूश, एवढी नावं पाठ असलेला जावई त्यांनी पाहिला नव्हता.

ही झाली गंमत. आता बदलापूरची दुपार.

नवरात्रातली अष्टमी होती. उल्हासनगरला एक हर्निया उरकून मी हात धूत होते, तेवढ्यात डॉक्टर निनादचा फोन आला. हा बदलापूर गावाजवळ एक छोटं नर्सिंग होम चालवतो. चांगला मुलगा आहे, फक्त त्याच्यासमोर चार माणसं एकदम बोलली की तो चौघांनाही हो म्हणतो. "मॅडम, जिथे असाल तिथून निघा. तरुण मुलगी आहे. कंपनीत गॅस लागलाय. भयंकर धापतेय. नळी टाकून मशीनवर घ्यावं लागेल."

मी निघाले. त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत माझी स्कूटर कमी चालली आणि उडाली जास्त. अंबरनाथच्या सिग्नलला एक हवालदार मला थांबवायला पुढे आला आणि माझा चेहरा बघून त्यानं मागची रिक्षा थांबवली.

नर्सिंग होमच्या दारात अर्धं गाव. त्या दिवसाचा रंग जांभळा होता, त्यामुळे सगळ्या बायका जांभळ्या साड्यांत. आत खाटेवर प्रणाली. ऐन विशीतली, एमआयडीसीत पॅकिंगला कामाला जाणारी. मलंगगड दोनदा धावत चढून आल्यासारखी ती श्वास घेत होती. खोल, जोरात, एकामागून एक, मध्ये विसावा नाही. आणि तिच्या नाकातोंडावर गच्च ओला टॉवेल. तो तिची आई हिराबाई दोन्ही हातांनी दाबून बसलेली. पोरगी डोकं हलवून टॉवेल झटकायची, आई परत दाबायची, डोळ्यांतून पाणी आणि तोंडात देवीचं नाव.

ही चूक फक्त आमच्याच भागात होऊ शकते. कारखान्यांच्या शेजारी राहणारी माणसं आम्ही. हवेत उग्र वास आला की ओला रुमाल नाकाला, खिडक्या बंद, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी येतं. त्यामुळे कामावरून आलेली मुलगी धापताना दिसली की गॅसच. घरापासून दवाखान्यापर्यंत त्यांनी तो टॉवेल तीनदा भिजवला होता.

"टॉवेल काढा."

"मॅडम, गॅस लागलाय तिला."

"गॅस असेल तर तिकडे कंपनीत असेल. इथे फक्त फिनेल आहे. काढा आधी."

टॉवेल निघाला आणि तिच्या श्वासाचा वास माझ्या नाकात गेला. बंद डब्यात विसरलेली, काळी पडलेली केळी असतात ना, तसला गोडसर आंबूस वास. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन अगदी झकास दाखवत होतं. छाती तपासली, दोन्हीकडे स्वच्छ. म्हणजे चिमणी ठणठणीत. मग ती एवढी फुंकतेय कशासाठी? भट्टीत काय जळतंय?

"हिला शुगर आहे का?"

हिराबाई म्हणाली, "हाय ना. शाळेत होती तवापासून इंजेक्शन घेते."

"आज घेतलं?"

"नाय मॅडम, नवरात्राचा उपास हाय तिला. नुसता फळ आनि पानी. खातच नाय तर शुगर कुठून येल? आनि उपाशीपोटी इंजेक्शन घेतला, चक्कर येऊन पडली तर? म्हनून बंद ठेवला आमी."

यावर हसू नका. हिशेब सरळ होता, फक्त शरीर तो हिशेब मानत नाही. इन्सुलिन ही कोठाराची किल्ली. किल्ली नसली की साखर रक्तात तुंबून राहते आणि पेशी दारात उपाशी. त्यात यकृताला वाटतं दुष्काळ पडला, ते स्वतःच साखर बनवून ओतायला लागतं. शेवटी भट्टीत चरबी जाते. चरबी अशी बेफाम जळाली की तिची आम्लं बनतात, ढीगभर, आणि श्वासाला तो केळ्यांचा वास येतो. सोडा संपत आला, किडनी मागे पडली, आणि सगळा भार आला चिमणीवर. प्रणाली धापत होती ते ती आजारी होती म्हणून नव्हे, जगायला बघत होती म्हणून. आणि आम्ही सगळे तिची चिमणी बंद करायच्या मागे! आईच्या हातात टॉवेल, निनादच्या हातात नळी.

सिस्टरनं साखर मोजली. मशीननं आकडा दाखवलाच नाही, मोजायची हद्द संपली असं सांगून मोकळं झालं. निनादचा चेहरा पडला. मनगटातल्या धमनीचं रक्त काढून, बर्फात घालून आम्ही जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. सलाइन धो-धो सुरू केलं, मग इन्सुलिन थेंबाथेंबानं, आणि त्यानं रक्तातलं पोटॅशियम घसरतं म्हणून त्यावर नजर ठेवून.

"मॅडम, तरी नळी टाकून घेऊ," निनाद हळूच म्हणाला. "या वेगानं ती थकेल. थकली तर संपलं."

"थकली तर टाकेन. ती धापतेय तोवर धापू दे तिला."

"पण..."

"निनाद, नळी टाकायची तर मला आधी तिचे स्नायू लुळे करावे लागतील. तेवढा वेळ तिचा श्वास बंद. तेवढ्यात आम्ल असं चढेल की हृदय बंद पडेल. आणि नळी गेली तरी ती आत्ता जेवढं फुंकतेय तेवढं तुझ्या त्या कोपऱ्यातल्या मशीनला फुंकता येईल?"

निनादनं मशीनकडे पाहिलं. मशीननंही मान खाली घातली असावी.

एवढ्यात बाळारामकाका आत आले. प्रणालीचे सख्खे काका, गळ्यात जाडजूड साखळी, आवाज माझ्या तोडीचा. तिथेच आमचं जमायला हवं होतं, पण नाही जमलं.

"मशीन लावली नाय अजून?"

"नाही लावणार."

"का नाय? ठेवलीय कशाला मंग, शोभेला? मॅडम, पोरगीचा बाप नाय. उद्या काय झाला तर गाव बोलेल, काकानं मशीनपन लावली नाय!"

आमच्याकडे मशीन म्हणजे उपचाराचा कळस. मशीन लावूनही माणूस गेला तर नातेवाईक मान ताठ ठेवून सांगतात, मशीन लावली होती. आणि मी या माणसाला सांगत होते, तुमच्या पोरीला मी हातही लावणार नाही, नुसती बघत बसणार. काकांनी निनादला विचारलं, गाडी काढू का, दुसरीकडे नेऊ का? निनाद हो म्हणायच्या बेतात होता. मी पुढे झाले.

"काका, वाटेत ती थकली तर गाडीत नळी कोण टाकेल? ही बघा नळी. इथे तिच्या उशाशी ठेवते. औषध भरून ठेवते. आणि मी इथून हलत नाही. ती झोपेला आली, बोलेनाशी झाली, की त्या क्षणी टाकेन. तोवर तिचा श्वास तिच्याकडेच राहू द्या. माझ्यापेक्षा चांगला घेतेय ती."

काकांनी माझ्याकडे, मग नळीकडे पाहिलं. म्हणाले, "बसा मंग. मी पन बसतो."

आणि बसलो. नळी टाकायला मला मिनिटभरही लागत नाही. डोळे बांधून टाकेन, एका पायावर उभी राहून टाकेन. पण नळी हातात असताना न टाकता बसणं? माझ्या हातांना अशी खाज सुटली होती की मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. दर थोड्या वेळानं मी तिला काहीतरी विचारायची. नाव काय, आज रंग कुठला. ती दोन श्वासांच्या फटीत एकेक शब्द फेकायची. "जांभळा." फोरमन जागा होता.

धापणाऱ्या माणसाशेजारी बसलं की आपणही धापायला लागतो, हे तुम्हाला माहीत नसेल. थोड्या वेळानं बघते तर काका पुतणीच्या तालावर धापतायत. "मॅडम," ते कुजबुजले, म्हणजे त्यांच्या मानानं कुजबुजले, "माझे हाताला मुंग्या आल्यान. मलापन गॅस लागला का?" मी त्यांना बाहेर पिटाळलं, म्हटलं, जमलेल्या गावाला सगळी हकीकत सावकाश सांगा. गावाला सांगायचं म्हटल्यावर काका लगेच बरे झाले.

ऊन कलंडलं. रक्ताचा रिपोर्ट आला. चांगल्या रक्ताचा पीएच सात पूर्णांक चारच्या आसपास असतो, हिचा सातला टेकला होता. फरक लहान दिसतो, पण तिथून आणखी खाली घसरलेली माणसं फारशी परत येत नाहीत. मी कागद घडी करून निनादच्याच खिशात घातला. हिराबाईला दाखवण्यासारखा तो नव्हता.

आणि मग प्रणालीचा श्वास मंदावला.

हिराबाईनं हात जोडले. "आई एकवीरे, पावलीस! मॅडम, शांत झाली पोर." दारातून काका ओरडले, "आराम पडला!" बाहेरच्या जांभळ्या गर्दीत कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मी मात्र तिच्या छातीवरची नजर काढली नाही. कारण श्वास दोन कारणांनी मंदावतो. एक, आम्ल कमी झालं, फुंकायची गरज उरली नाही. दोन, छातीचे स्नायू दमले, फोरमन ओरडतोय पण उचलायला कुणी नाही. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. पहिल्यात पेढे, दुसऱ्यात हातात फक्त काही मिनिटं. मी मांडीखालचे हात काढले, नळी उचलली. निनादनं औषधाची सिरिंज पुढे केली. तिचे डोळे मिटलेले.

"प्रणाली!" मी हाक मारली. अंबरनाथची कुत्री नक्की उठली असतील. "प्रणाली, डोळे उघड! हा दारात ओरडतोय तो कोण?"

डोळे उघडले नाहीत. एक श्वास. दुसरा. मी सिरिंज हातात घेतली.

मग एक डोळा किलकिला झाला. तो माझ्याकडे वळला, दाराकडे वळला, आणि ती वैतागून म्हणाली, "काकाय... त्यांना आधी गप्प करा. आनि तुमीपन ओरडू नका. झोपू द्या ना."

एका श्वासात तीन वाक्यं! दुपारभर एका श्वासात एक शब्द मिळत होता. मी निनादकडे पाहिलं, निनादनं माझ्याकडे. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि त्याला म्हटलं, "रक्त परत पाठव." त्या रिपोर्टमध्ये आकडा वर सरकला होता. थोडासाच, पण वरच्या दिशेनं.

एक खंत आहे ती सांगते. शाळेत असल्यापासून त्या पोरीला गोड खाऊ नकोस हे शंभर जणांनी सांगितलं असेल, माझ्यासारख्या डॉक्टरांनी धरून. पण पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, उपास करायचाच तर आधी डॉक्टरला विचारून डोस ठरवायचा, हे एकानंही बसून सांगितलं नव्हतं. आता मी सांगते. नवरात्र जवळ आलं की मंडईत, रिक्षात, जिथे ऐकणारा सापडेल तिथे. आवाज देवानं दिलाच आहे.

पुढे बाळारामकाकांनी ही गोष्ट गावभर केली. त्यांच्या गोष्टीत मी आले, पोरीकडे पाहिलं आणि काही न करता तिला बरं केलं. "मॅडमनी काय पन नाय केला! नुसत्या बसल्या!" असं ते छाती फुगवून सांगतात. त्यामुळे आता बदलापूर गावातली माणसं ऑपरेशनच्या टेबलावर मला विचारतात, "तुमीच ना त्या, काय नाय करत?" मी म्हणते, मीच ती. एवढं मानाचं सर्टिफिकेट माझ्या कुठल्या सर्जनकडे नाही.

पण मला राहून राहून आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ. बाहेरची गर्दी आरतीला गेली होती. मी बॅग आवरत होते. प्रणाली गाढ झोपली होती, आणि तिचा श्वास इतका हलका झाला होता की पांघरूण हलतंय की नाही तेही कळेना. हिराबाईनं दुपारभर तो आवाज ऐकलेला, आता ही शांतता तिला सोसवेना. ती उठली, वाकली, आणि पोरीच्या नाकाखाली तिनं आपलं बोट धरलं. बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"लागतोय," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "बोटाला लागतोय, मॅडम."

मी हो म्हटलं. काय सांगू, इतक्या हळू आवाजात, की मला वाटतं माझं मलाच ऐकू आलं नाही. मग ती पाणी प्यायला बाहेर गेली, सिस्टरची पाठ होती, निनाद फोनवर होता. कुणी बघत नाही असं पाहून मीही वाकले आणि माझं बोट धरलं.